रॉजर मूर पाहायचे कसे: नव्या प्रेक्षकासाठी पायरीपायरीने

गुप्तहेर जेम्स बॉन्डची भूमिका सात सिनेमांत करणारे ब्रिटिश नट रॉजर मूर २३ मे २०१७ रोजी गेले, वयाच्या ८९व्या वर्षी. तेव्हापासून दर मे महिन्यात आणि १४ ऑक्टोबरला, त्यांच्या जन्मदिनी, जुन्या बॉन्डपटांची आठवण निघते आणि कुणीतरी तरुण प्रेक्षक त्यांचा एखादा सिनेमा पहिल्यांदाच लावून बसतो. पण हा पहिला सिनेमा बहुधा चुकीचा निवडला जातो. सगळ्यात अलीकडचा म्हणून ‘अ व्ह्यू टू अ किल’ लावला जातो, नाहीतर अंतराळ आहे म्हणून ‘मूनरेकर’. मग अर्ध्या तासात “हा कसला बॉन्ड, सगळी गंमतच चाललीय” म्हणत रिमोट हातात येतो. दोष प्रेक्षकाचा नसतो, क्रमाचा असतो.

खाली दिलेला क्रम ज्यांनी मूर यांचं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. पाच-सहा बैठकींत एक गोष्ट दिसावी एवढाच त्याचा हेतू: मूर यांचा तो सहजपणा, जणू काही करतच नाहीत असं वाटायला लावणारा, हा कमावलेला होता. दक्षिण लंडनमधल्या स्टॉकवेल भागात १९२७ साली जन्मलेला पोलिसाचा हा मुलगा. आई लिली यांचा जन्म कोलकात्याचा. खानदानी इंग्रज वाटणारे ते उच्चार आणि उभं राहण्याची ती ऐट घरातून आलेली नाही. रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये आणि नंतरच्या वर्षांत ती घडवलेली आहे. तिथे त्यांच्या वर्गात लॉइस मॅक्सवेल होत्या, पुढे बॉन्डपटांत मिस मनीपेनी, म्हणजे बॉन्डच्या वरिष्ठांची सचिव, झाल्या त्याच. पडद्यावर त्या दोघांत जी जुनी ओळख जाणवते ती खरोखरच जुनी होती.

सुरुवातीची तयारी

क्रमाकडे वळण्याआधी टीव्हीची सेटिंग तपासा. कंटाळवाणी गोष्ट आहे, पण इथेच निम्मा रसभंग होतो.

मूर यांचे पहिले दोन बॉन्डपट, ‘लिव्ह अँड लेट डाय’ (१९७३) आणि ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ (१९७४), आजच्या टीव्हीच्या पडद्यात जवळपास नीट बसतात. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’पासून (१९७७) पुढचे पाचही सिनेमे मात्र खूप रुंद चौकटीत चित्रित झालेत. ते लावल्यावर पडद्याच्या वर आणि खाली काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. पडदा पूर्ण भरलेला दिसला तर एकतर चित्राच्या दोन्ही कडा कापल्या गेल्यात, नाहीतर टीव्हीचा झूम चालू आहे. कडा कापल्या की नुकसान थेट अभिनयाचं होतं. मूर पुष्कळदा चौकटीच्या एका बाजूला गप्प उभे असतात आणि दुसऱ्या बाजूचा माणूस बोलत असतो. कापलेल्या प्रतीत नेमके मूरच अर्धे गायब होतात.

टीव्ही मालिकांचं याच्या उलट. त्या जवळपास चौकोनी चौकटीत आहेत, तेव्हा डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे हवेत. माणसं बसकी आणि रुंद दिसत असतील तर चित्र ताणलंय, ‘ओरिजिनल’ किंवा ‘फोर-थ्री’ असा पर्याय निवडा. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय आपोआप चालू असते. तिने जुनी फिल्म संध्याकाळच्या मालिकेसारखी दिसते, म्हणून तीही बंद करा.

सबटायटल्स इंग्रजीतच ठेवा. मूर वाक्याचा शेवट मुद्दाम खाली सोडतात, आवाज उतरवतात, आणि विनोद तिथेच असतो. हिंदी डब केलेल्या प्रतीत हे सगळं जातं, कारण डबिंगवाला कलाकार विनोदावर जोर देतो आणि मूर नेमका तो जोर काढून घेत असत.

वेळेचा अंदाज: बॉन्डपट प्रत्येकी दोन तासांपासून दोन तास दहा-बारा मिनिटांपर्यंत, मालिकेचा भाग सुमारे ५० मिनिटं. एका बैठकीत दोन बॉन्डपट लावू नका. मूर यांची शैली बारीक आहे, दुसऱ्या सिनेमाला ती दिसेनाशी होते.

पहिली पायरी: सिनेमा नको, आधी मालिका

बॉन्ड म्हणून पडद्यावर आले तेव्हा मूर ४५ वर्षांचे होते आणि ब्रिटिश टीव्हीचा मोठा चेहरा होते. ‘द सेंट’ ही मालिका १९६२ ते १९६९ चालली, एकूण ११८ भाग. पहिले ७१ कृष्णधवल, नंतरचे ४७ रंगीत. नव्या प्रेक्षकाने रंगीत भागांपैकी कोणताही एक घ्यावा. कथा प्रत्येक भागात संपते, त्यामुळे मागचं-पुढचं माहीत असण्याची गरज नाही.

भागाच्या सुरुवातीचा छोटा प्रसंग नीट बघा. शेवटी कुणीतरी नायकाचं नाव घेतं, सायमन टेम्प्लर, आणि त्याच्या डोक्यावर तेजोवलय उमटतं. मूर डोळे वर करून त्याकडे बघतात. एवढंच. वलय चित्रीकरणावेळी तिथे नव्हतंच, ते नंतर काढलेलं. रिकाम्या हवेकडे बघताना ते ना डोळे मोठे करतात, ना हसून प्रेक्षकाला डोळा मारतात. डोकं जवळजवळ स्थिर ठेवून फक्त नजर वर जाते. हा शॉट तीन-चार भागांतून लागोपाठ बघा. दर वेळी नजर थोड्या वेगळ्या भावाने वर जाते: कधी कंटाळा, कधी “आता हे नको होतं” असा त्रासिकपणा, कधी खोटी नम्रता. पुढे सात बॉन्डपटांत त्यांची जी उंचावलेली भुवई गाजली तिचं सगळं व्याकरण इथे आहे.

यातल्या काही भागांचं दिग्दर्शनही त्यांनी स्वतः केलंय. कॅमेरा कुठे आहे आणि आपला चेहरा किती मोठा दिसतोय याची त्यांना पक्की जाण होती, ती इथून आली.

हाताशी आणखी तासभर असेल तर ‘द पर्सुएडर्स’ (१९७१-७२, २४ भाग) यातला एक भाग घ्या. सोबत टोनी कर्टिस. कर्टिस सतत हालतात, हातवारे करतात, संवादात भर घालतात. एक प्रसंग निवडा आणि कर्टिस बोलत असताना फक्त मूर यांच्याकडे बघा. ते समोरच्याचं ऐकतात, उत्तर देण्याआधी अर्धा श्वास थांबतात आणि दोन-चार शब्दांत चेंडू परत करतात. नटाने ऐकायचं कसं याचा हा वस्तुपाठ आहे. (या मालिकेत त्यांच्या पात्राच्या कपड्यांची रचना मूर यांचीच आहे, श्रेयनामावलीत तसा उल्लेख येतो. ते मोठे कॉलर आज जरा अंगावर येतात, पण काळच तसा होता.)

दुसरी पायरी: ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’

पहिला बॉन्डपट हाच. मूर यांचा हा तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत सुघड. इथपर्यंत त्यांना आपला बॉन्ड सापडलेला आहे.

सुरुवातीला बर्फाच्या कड्यावरून स्कीवर थेट दरीत उडी. ही उडी खरी आहे. कॅनडाच्या बॅफिन बेटावरच्या माउंट ॲसगार्डवरून रिक सिल्व्हेस्टर या स्टंटमनने ती मारली. कड्याचं टोक सुटल्यावर संगीत थांबतं, फक्त वारा राहतो. सुटलेली एक स्की उघडणाऱ्या पॅराशूटला चाटून जाते, नीट बघितलंत तर दिसेल. मग ब्रिटनचा झेंडा छापलेलं पॅराशूट उलगडतं. आवाज वाढवून बघावा असा हा प्रसंग आहे, पण त्या शांत सेकंदांत आवाज आणखी वाढवू नका, पुढचं संगीत दणकन येतं.

आता महत्त्वाचं. स्टंट, पाण्याखाली जाणारी लोटस मोटार, केन ॲडम यांनी पाइनवुड स्टुडिओत उभारलेला तो अवाढव्य सेट, हे सगळं तुम्हाला कुणी न सांगता दिसेलच. पुढचे दोन प्रसंग मात्र सहज निसटतात.

पहिला कैरोच्या क्लबमधला. बॉन्ड आणि रशियन हेर आन्या एकमेकांसाठी पेय मागवतात. आन्या त्याची ती प्रसिद्ध मार्टिनी मागवते आणि मग त्याची फाइल तोंडपाठ म्हणून दाखवायला लागते. त्यात त्याच्या मारल्या गेलेल्या बायकोचा उल्लेख येतो. मूर तिला तिथेच तोडतात. चेहऱ्यावरचं हसू पुसलं जात नाही, ते जागच्या जागी गोठतं. मग ते उठून जातात. संपूर्ण बदल दोन वाक्यांत होतो.

दुसरा सार्डिनियाच्या हॉटेलात. आपल्या प्रियकराला बॉन्डनेच मारलं का, असं आन्या त्याला विचारते. मूर उत्तर देताना सारवासारव करत नाहीत. स्कीवरून वेगात जाताना पाठीमागून कुणी गोळ्या झाडत असेल तर चेहरा लक्षात राहत नाही, आपल्या धंद्यात माणसं मरतात, हे तुलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. शेवटी, हो, मीच मारलं. आवाज एकदाही चढत नाही. मूर यांना गंभीर अभिनय जमत नव्हता म्हणणाऱ्याला हा प्रसंग दाखवावा.

तिसरी पायरी: ‘फॉर युवर आईज ओन्ली’

१९८१ चा हा सिनेमा बॉन्डच्या बायकोच्या थडग्यापाशी सुरू होतो. दगडावर १९६९ हे साल आहे, म्हणजे जॉर्ज लेझनबी यांच्या एकमेव बॉन्डपटाचं साल, ज्यात ती मारली जाते. मूर फुलं ठेवतात आणि खाली बघतात. संवाद नाही. आदल्या सिनेमातला तो गोठलेला चेहरा पाहिला असेल तर इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही, म्हणूनच हे दोन सिनेमे लागोपाठ घ्यायचे.

या सिनेमात एका मारेकऱ्याची मोटार कड्याच्या टोकावर अडकते आणि बॉन्ड लाथ मारून ती खाली ढकलतो. आपला बॉन्ड असं करणार नाही, असं मूर यांचं म्हणणं होतं. दिग्दर्शक जॉन ग्लेन यांनी आग्रह धरला आणि शॉट राहिला. दोघांचंही बरोबर होतं असं बघताना वाटतं. मूर यांचा संकोच त्या लाथेत उतरलाय, आणि त्यानेच ती जास्त थंड वाटते.

ग्रीसमधल्या मेटेओरा इथला कड्यावरचा प्रसंग रात्री, दिवे मालवून बघा. दोरीवरून कोसळणं पुन्हा रिक सिल्व्हेस्टर यांचंच. तिथल्या साधूंना शूटिंग मान्य नव्हतं. चित्रीकरण बिघडावं म्हणून त्यांनी मठाबाहेर कपडे वाळत घातले होते.

चौथी पायरी: आता मागे जा, ‘लिव्ह अँड लेट डाय’

पहिला सिनेमा चौथ्या क्रमांकावर ठेवण्याचं कारण आहे. १९७३ मध्ये पहिले बॉन्ड शॉन कॉनरी यांची सावली फार मोठी होती. निर्मात्यांनी ठरवून फरक केले: सिगारेटऐवजी सिगार, मार्टिनीऐवजी बर्बन व्हिस्की, ॲस्टन मार्टिन अजिबात नाही. मूर जरा सावधपणे वावरतात. पुढचं पाहिल्यावर हे सावधपण मौजेचं वाटतं. आधी पाहिलं तर नट अवघडल्यासारखा वाटतो.

मगरींच्या पाठीवर पाय देत पळण्याचा प्रसंग जमैकातल्या मगरपालन केंद्राचे मालक रॉस कनांगा यांनी स्वतः केला, पाचव्या प्रयत्नात तो साधला. त्या आधीचे काही क्षण बघा. बेटावर एकटे उभे असलेले मूर कॅमेऱ्यासमोर फक्त मगरी मोजत असल्यासारखे उभे आहेत.

एक सांगायला हवं. या सिनेमात जवळपास सगळे खलनायक कृष्णवर्णीय आहेत आणि वूडूचं चित्रण भडक आहे. किशोरवयीन मुलांसोबत बघत असाल तर हे आधी बोलून घ्या, मधे सिनेमा थांबवून नको.

पाचवी पायरी: ‘ऑक्टोपसी’

भारतीय प्रेक्षक इथूनच सुरुवात करतो आणि बहुधा इथेच चिडतो. रागाला जागा आहे. १९८३ च्या या सिनेमात उदयपूर म्हणजे तलवारी गिळणारे, निखाऱ्यांवर चालणारे, खिळ्यांच्या खाटेवर झोपणारे. हेलिकॉप्टरमधून ताजमहाल दिसतो आणि लगेच आपण पिछोला तलावावर असतो. ‘करी’वरचा एक विनोद तर आज कानाला टोचतो. हे सगळं घडणार आहे हे माहीत असलं की बाकीचा सिनेमा मोकळेपणाने बघता येतो.

बाकीच्यात पुष्कळ आहे. कबीर बेदी यांचा गोबिंदा जवळजवळ बोलतच नाही, तरी पडदा व्यापून उरतो. टेनिसपटू विजय अमृतराज पुंगीवर बॉन्डची धून वाजवत भेटतात. आणि उत्तरार्धात सर्कस येते. बॉन्डला अणुबॉम्बपर्यंत पोचायचंय, आणि लपण्यासाठी त्याने विदूषकाचा वेश चढवलाय. पांढरा चेहरा, लाल नाक, मोठे बूट. तो ओरडून सांगतोय की बॉम्ब आहे आणि प्रेक्षक हसताहेत, कारण विदूषक ओरडतोय. मूर इथे विनोदाची एकही खूण करत नाहीत. रंगवलेल्या तोंडाच्या आत डोळे खरेखुरे घाबरलेले आहेत. आयुष्यभर ज्याला लोकांनी हलकंफुलकं म्हटलं, त्या नटाने विदूषकाच्या वेशात सर्वांत गंभीर काम केलं. बॉन्डपटांतला त्यांचा हा सर्वोत्तम प्रसंग, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

आगगाडीच्या छतावरचे शॉट इंग्लंडमधल्या नेन व्हॅली रेल्वेवर घेतलेत. तिथे मूर यांचे स्टंटमन मार्टिन ग्रेस फार गंभीर जखमी झाले होते. तो भाग बघताना हे लक्षात असू द्या.

सहावी पायरी: बॉन्डच्या बाहेर

इथे एक सिनेमा चुकवायचाच नाही: ‘द मॅन हू हॉन्टेड हिमसेल्फ’ (१९७०). जेमतेम दीड तास. अपघातातून वाचलेल्या एका नाकासमोर चालणाऱ्या माणसाला कळतं की आपल्यासारखाच दिसणारा कुणी आपलं आयुष्य जगतोय. आपलं सर्वांत चांगलं काम म्हणून मूर स्वतः याचंच नाव घेत. भुवई इथे नाही, घाम आहे. पाच पायऱ्यांनंतर हा बघितला तर धक्का बसतो, म्हणून तो शेवटाकडे.

दुसरा गोव्यासाठी: ‘द सी वुल्व्ह्ज’ (१९८०), ग्रेगरी पेक आणि डेव्हिड निव्हन यांच्यासोबत, शूटिंग प्रत्यक्ष गोव्यात. घटना खरी आहे. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगीज गोवा तटस्थ होता आणि मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’सह काही जर्मन जहाजं आश्रयाला होती. तिथून पाणबुड्यांना जहाजांची माहिती पोचवली जाते असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ प्रदेशात सैन्य पाठवता येईना, म्हणून कोलकात्याच्या ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतले बहुतांश मध्यमवयीन लोक एका बार्जमधून (सपाट तळाच्या बोटीतून) आले आणि मार्च १९४३ मध्ये रात्री ‘एरेनफेल्स’वर चढले. सिनेमा म्हणून हा थोडा संथ आहे आणि मूर इथेही डिनर जॅकेटमध्ये बॉन्डच्या वाटेने जातात. पण आपल्या किनाऱ्यावरचा हा इतिहास पडद्यावर दुसरीकडे सहसा सापडत नाही.

‘द वाइल्ड गीज’ (१९७८) मात्र हिंसा सोसत असेल तरच.

राहिलेल्या तीन बॉन्डपटांपैकी पहिले दोन हवे त्या क्रमाने. ‘मूनरेकर’मध्ये अंतराळवीरांच्या गरगर फिरणाऱ्या यंत्रातून उतरतानाचे मूर बघा: मदतीचा हात झिडकारतात, विनोद नाही. ‘गोल्डन गन’मधली मोटारीची हवेत पूर्ण गिरकी घेणारी उडी आधी संगणकावर हिशेब मांडून केलेली आहे, त्यावर टाकलेल्या शिट्टीच्या आवाजाने तिची मजा निम्मी केली. ‘अ व्ह्यू टू अ किल’ (१९८५) शेवटी. पडद्यावर येताना मूर ५७ वर्षांचे होते, आपण या भूमिकेसाठी म्हातारे झालो होतो हे त्यांनीही मान्य केलं. क्रमाने आलात तर हा सिनेमा निरोपासारखा बघता येतो. लॉइस मॅक्सवेल यांचाही हा शेवटचाच बॉन्डपट.

जागा पाहायच्या असतील तर

उदयपूरला ऑक्टोबर ते मार्च जा. पावसाळ्यानंतर पिछोला भरलेला असतो, मे महिन्यात पाणी खूप खाली गेलेलं असू शकतं आणि सिनेमातलं दृश्य सापडत नाही. मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून रेल्वेने जाता येतं. ऑक्टोपसीचा महाल म्हणून दिसतो तो तलावातला लेक पॅलेस आज हॉटेल आहे, पाहुण्यांखेरीज इतरांना आत सोडत नाहीत. त्यासाठी सिटी पॅलेसच्या धक्क्यावरून बोट घ्या, ती जवळून नेते. खलनायकाचा डोंगरावरचा महाल म्हणजे सज्जनगड, मेवाडच्या महाराणा सज्जनसिंहांनी १८८४ मध्ये बांधायला घेतलेला. (साताऱ्याच्या सज्जनगडाशी त्याचा संबंध नाही, इंटरनेटवर शोधताना ‘उदयपूर’ जोडायला विसरू नका.) तो अभयारण्यात आहे, फाटकावर तिकीट लागतं आणि अंधार पडल्यावर थांबता येत नाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी वर पोचा. आतली दालनं साधी आहेत, सिनेमातली सजावट तिथे शोधू नका.

गोव्यात मुरगाव हे चालू बंदर आहे, आत भटकता येत नाही. दोनापावलाच्या बाजूने झुआरीच्या मुखापलीकडे ते दिसतं, संध्याकाळी स्वच्छ.

स्मृतीदिनाचा कार्यक्रम

वाचनालय, कॉलेज किंवा सोसायटीत कार्यक्रम करायचा झाला तर सगळ्यात आधी परवानगी. घरगुती डीव्हीडी किंवा ओटीटीचं खातं सार्वजनिक खेळासाठी चालत नाही, तिकीट नसलं तरीही. वितरकाकडून सार्वजनिक प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्या आणि ती प्रत भारतात सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेली आहे याची खात्री करा. याला वेळ लागतो. मे महिन्यासाठी फेब्रुवारीतच पत्रव्यवहार सुरू करा.

साडेतीन तासांचा आराखडा असा बसतो: दहा मिनिटं ओळख, ‘द सेंट’चा एक भाग ५० मिनिटं, चहाला २० मिनिटं, मग ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ दोन तास पाच मिनिटं. ओळख दहा मिनिटांपुढे गेली की लोक मोबाइल काढतात. ओळखीत सिनेमांची यादी वाचू नका, डोक्यावरच्या तेजोवलयाकडे आणि कैरोतल्या त्या चेहऱ्याकडे लक्ष द्या एवढं सांगितलं तरी पुरे. पडद्याची चौकट आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर तपासा, वर सांगितलेले पट्टे दिसताहेत ना ते पाहा.

फुलांच्या खर्चाऐवजी काही करायचं असेल तर मूर यांचं स्वतःचं काम पुढे न्या. ऑड्री हेपबर्न यांनी त्यांना युनिसेफकडे वळवलं आणि १९९१ पासून ते सदिच्छा दूत होते. आयोडीनच्या कमतरतेविरुद्धची मोहीम हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. गरोदरपणी आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि उपाय मिठाइतका स्वस्त आहे. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदर स्त्रीला त्याहून जास्त लागतं. कार्यक्रमात ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेली मिठाची पुडी दाखवून दोन मिनिटं बोला: खुलं जाडं मीठ रोजच्या स्वयंपाकाला नको, पुडी फोडल्यावर मीठ घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा, ओल आणि ऊन लागलं की आयोडीन उडतं.

लेख किंवा पोस्ट लिहिताना

आदरांजलीत त्याच त्या चुका फिरत राहतात. मूर हे मुख्य मालिकेतले तिसरे बॉन्ड, कॉनरी आणि लेझनबी यांच्यानंतरचे. सात सिनेमे ही संख्या बरोबर आहे. कॉनरी यांचेही सात मोजले जातात, पण त्यातला १९८३ चा एक वेगळ्या निर्मात्यांचा आहे, त्यामुळे मुख्य मालिकेत सर्वाधिक सिनेमे मूर यांचे. २००३ मधली नाइटहूड (‘सर’ हा किताब) त्यांना समाजकार्यासाठी मिळाली, अभिनयासाठी नव्हे. ती मिळाल्यावर इंग्रजी पद्धतीप्रमाणे ‘सर रॉजर’ लिहायचं, ‘सर मूर’ कधीच नाही. निधन स्वित्झर्लंडमध्ये झालं, दफन मोनॅकोमध्ये. पाइनवुड स्टुडिओतल्या एका स्टेजला त्याच वर्षी त्यांचं नाव दिलं गेलं. मार्टिनी मागवतानाचं ‘शेकन, नॉट स्टर्ड’ हे बॉन्डचं प्रसिद्ध वाक्य त्यांच्या तोंडी घालू नका, सातांपैकी एकाही सिनेमात ते स्वतः तसं म्हणत नाहीत.

आणि छायाचित्र. चंदेरी ॲस्टन मार्टिन डीबी-५ आणि शेजारी मूर असा एक फोटो बॉन्डचा म्हणून हमखास वापरला जातो. तो १९८१ च्या ‘द कॅननबॉल रन’ या विनोदी सिनेमातला आहे. बॉन्ड म्हणून मूर यांनी ॲस्टन मार्टिन कधी चालवलीच नाही. गाडीसह फोटो हवा असेल तर पांढरी लोटस एस्प्री शोधा, नाहीतर ‘फॉर युवर आईज ओन्ली’मधली पिवळी सिट्रोएन टू-सीव्ही.